कोथळीच्या ८० जागा कुणाच्या? बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
(अध्यक्ष, विद्यालय व्यवस्थापन समिती, जवाहर नवोदय विद्यालय, कोथळी)
आणि
मा. उपायुक्त, नवोदय विद्यालय समिती, हैदराबाद विभाग

विषय: नवोदयच्या सहावीच्या प्रवेशात खेड्यातल्या सरकारी शाळांच्या मुलांना न्याय मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं जांबोटी ते कणकुंबी या जंगलपट्ट्यात गेली. पावसाळ्यात तिथं चार-चार दिवस वीज नसते, मोबाइलला रेंज हवी तर टेकाडावर चढावं लागतं आणि भातलावणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असतो. पुढचं सगळं मी त्या वर्गात उभा राहून लिहितो आहे असं समजून वाचावं, ही विनंती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. बाप गोव्यात गाडी चालवतो, आई दुसऱ्याच्या शेतात जाते. आकृत्यांची कोडी सोडवण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. फळ्यावर चार आकृत्या काढून पाचवी कुठली विचारलं की मी खडू खाली ठेवायच्या आत तिचं उत्तर यायचं. हिला नवोदयला बसवायचं असं आम्ही ठरवलं. शाळेत इंटरनेट नव्हतं. हेडमास्तरांच्या सहीचा दाखला घेऊन बाप तालुक्याच्या गावी एका सायबरवाल्याकडं गेला. भर जुलै, बाहेर धो धो पाऊस, दुकानात ही गर्दी. दुकानदारानं फॉर्म भरला, फोटो चढवला आणि प्रिंट काढून हातात दिली. त्या प्रिंटवर इंग्रजीत एक ओळ होती, परीक्षेच्या माध्यमाची. तिथं कन्नड असं पडलं होतं. बापाला इंग्रजी वाचता येत नाही. मी प्रिंट बघितली, नाव तपासलं, जन्मतारीख तपासली, फोटो बरोबर आहे ना बघितलं आणि कागद फायलीत लावून टाकला. ती ओळ माझ्याही नजरेतून सुटली. हे मला आजही सलतं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही वस्तीच्या गाडीनं पहाटे निघालो. आईनं डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याचे दोन लाडू दिले होते. पेपर साडेअकरा ते दीड. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यात आकृत्यांचे ४० प्रश्न ५० गुणांना, मग गणिताचे २० आणि भाषेचे २०, प्रत्येकी २५ गुणांना. दीड वाजता मुलं बाहेर आली. सगळी पळत येत होती, ही एकटी सावकाश चालत आली. मी विचारलं, कसा गेला पेपर? ती म्हणाली, "गुर्जी, चित्रांचं सगळं केलं. पुढं कानडी होतं."

आमच्या मुलांना कन्नड दुसरी भाषा म्हणून असते. अक्षरं ओळखता येतात, बाजारातल्या पाट्या वाचता येतात. पण परक्या भाषेतला उतारा घड्याळ लावून वाचायचा आणि त्यावरच्या प्रश्नांना नेमकं उत्तर द्यायचं, हे दहा वर्षांच्या लेकराला कसं जमावं? तिनं पर्यवेक्षकांना विचारलं होतं. फॉर्ममध्ये जे माध्यम भरलं आहे तीच प्रश्नपुस्तिका मिळते, आज बदलता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. नियमानं त्यांचं बरोबरच होतं. लाडूंचा डबा तिनं परतीच्या गाडीतही उघडला नाही.

मुदत संपल्यावर फॉर्म दुरुस्त करायला मोजके दिवस मिळतात आणि त्यात माध्यमही बदलता येतं, हे मला नंतर कळलं. आणि सहावीसाठीची ही परीक्षा मुलाला जन्मात एकदाच देता येते, हे तर मला आधीपासून माहीत होतं.

महोदय, या एका मुलीच्या चुकलेल्या फॉर्मवर पत्र लिहून मी थांबलो असतो. पण त्या दिवसापासून मी या प्रवेशाकडं नीट बघू लागलो आणि बघेल तितकं मन खट्टू होत गेलं.

नवोदय कशासाठी निघाली हे आपल्यापेक्षा मला जास्त ठाऊक नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं हा विचार मांडला, आणि पहिल्या दोन शाळा हरियाणातल्या झज्जरला आणि महाराष्ट्रातल्या अमरावतीला सुरू झाल्या. आईबापांच्या ऐपतीकडं न बघता खेड्यातलं हुशार मूल उचलायचं आणि त्याला राहणं, जेवण, पुस्तकं देऊन चांगलं शिकवायचं, असा तो विचार. सरकारनं गरिबाच्या मुलासाठी केलेल्या कामांत याच्या तोडीचं काम मला दुसरं दिसत नाही. म्हणून तर निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण, अशी चौकट घातली. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुलं. आणि जिल्हा कुठला, तर १३,४१५ चौरस किलोमीटरचा, राज्यात क्षेत्रफळानं सगळ्यांत मोठा, २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर लोकसंख्येचा.

आता 'ग्रामीण' कुणाला म्हणायचं ते बघा. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेलं मूल ग्रामीण. यातला एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेला, तरी ते शहरी. नियम कडक आहे आणि चांगल्या हेतूनं केलेला आहे. पण त्यात शाळेची जागा बघतात, मुलाची परिस्थिती नाही. शहराला खेटून असलेल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत एखादी खासगी इंग्रजी शाळा उभी असते. पिवळ्या बसा शहरातून मुलं भरून आणतात. त्या शाळेतलं डॉक्टरचं मूल कागदावर ग्रामीण, आणि आमच्या भीमगडच्या जंगलातलं, आमगाव-गवाळीचं मूलही ग्रामीण. दोघं एकाच रांगेत. हे मी कुणाच्या मुलावर राग म्हणून लिहीत नाही. ते डॉक्टरचं मूलही अभ्यास करूनच येतं. पण ज्या मुलासाठी ही रांग लावली, ते या रांगेत शेवटी उभं आहे.

त्यावर कोचिंगचा भार. निपाणी, चिक्कोडी, गोकाक, बेळगाव, कुठंही जा, भिंतींवर एका दमात लिहिलेलं दिसतं: नवोदय, सैनिक, कित्तूर, मोरारजी, आदर्श. ही सगळी प्रवेश परीक्षा घेणाऱ्या शाळांची नावं. चौथीपासून मुलं वसतिगृहात ठेवून तयारी करून घेतात. रोज एक सराव पेपर, रोज ओएमआरचे, म्हणजे यंत्रानं तपासायच्या उत्तरपत्रिकेवरचे, गोल. काही ठिकाणी तर हजेरीपटावर नाव खेड्यातल्या एका शाळेत आणि मूल वर्षभर कोचिंगच्या खोलीत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. माझ्या शाळेतल्या मुलांनी मात्र ओएमआर पत्रिका पहिल्यांदा बघितली ती परीक्षेच्या हॉलमध्ये. गोल किती गडद करायचा, रेषेबाहेर गेलं तर काय, यातच त्यांची दहा मिनिटं जायची. मराठीतलं नवोदयचं मार्गदर्शक पुस्तक हवं तर कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाला तरी सांगून आणावं लागतं. एक आणलं की त्याच्या झेरॉक्सवर शाळेची चार-पाच वर्षं निघतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, म्हणजे या पत्राचा कुणी वेगळा अर्थ काढणार नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल माझं मत आहे आणि ते लपवण्यासारखंही नाही, पण हे पत्र त्यासाठी नाही. सौंदत्ती आणि रामदुर्गच्या सरकारी कन्नड शाळेतल्या मुलाची गत आमच्या मुलासारखीच आहे. त्याचा बापही पावसाकडं डोळे लावून बसलेला असतो आणि त्याच्याही गुरुजींना कोचिंगवाल्याची बरोबरी करता येत नाही. मराठी मुलाच्या वाट्याला भाषेची अडचण वर आणखी येते, एवढाच फरक. राज्यघटनेच्या ३५० अ कलमानं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं सांगितलं. ती सोय इथं आहे, मी तीच नोकरी आयुष्यभर केली. नवोदयच्या परीक्षेतही मराठी माध्यम निवडता येतं, त्याबद्दल मी समितीचे मनापासून आभार मानतो. पण पाच वर्षं मराठीत शिकलेल्या मुलाला पुढच्या दाराशी मराठीतली सूचनासुद्धा मिळत नसेल, तर ती सोय अर्ध्या वाटेवर सोडून देते.

माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनियात असतो. या विषयावर एकदा त्याच्याशी बोलताना कळलं की तिथंही असाच वाद पेटला होता. मग मी शोधून शोधून वाचलं. फेअरफॅक्स कौंटीत थॉमस जेफरसन नावाचं विज्ञानाचं नामांकित सरकारी हायस्कूल आहे. तिथं प्रवेश परीक्षा होती आणि परीक्षेसाठी कोचिंग होतं. पुढारलेल्या मोजक्या शाळांतलीच मुलं तिथं जायची. २०२० साली शाळा मंडळानं ती परीक्षा काढून टाकली. प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्के मुलांइतक्या जागा त्या-त्या शाळेसाठी राखल्या आणि त्या त्याच शाळेतल्या सर्वांत गुणी मुलांना द्यायच्या ठरवल्या. नव्या पद्धतीच्या पहिल्याच तुकडीत गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण एक टक्क्याच्या आतून सुमारे २५ टक्क्यांवर गेलं. न्यूयॉर्क शहरात मात्र नामांकित सरकारी हायस्कुलांत एका लेखी परीक्षेवरच प्रवेश द्यायचा असा १९७१ चा कायदा आहे आणि तो तसाच राहिला. तिथल्या स्टायव्हसंट हायस्कुलात २०१९ साली ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यांत कृष्णवर्णीय मुलं होती सात. एवढ्या मोठ्या शहरात सातच मुलं हुशार होती, असं कोण म्हणेल?

पण त्या गोष्टीची दुसरी बाजूही मी वाचली आणि ती माझ्या मनातून जात नाही. थॉमस जेफरसनमध्ये आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. त्यांत आपल्या भारतीय घरांतलीही मुलं होती. आईबाप पोटाला चिमटा काढून क्लास लावत होते, मुलं वर्षानुवर्षं अभ्यास करत होती, आणि ऐन वेळी नियम बदलला. पालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये अपील न्यायालयानं शाळा मंडळाच्या बाजूनं निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यात लक्ष घालायला नकार दिला. कायद्यानं प्रश्न मिटला असेल, पण त्या आईबापांचं दुःख मला समजतं. गोकाकच्या एखाद्या शिक्षकानं पगारातले पैसे बाजूला टाकून मुलाला कोचिंगला ठेवलं असेल, तर त्यानंही काही पाप केलेलं नाही.

म्हणून परीक्षा बंद करा असं माझं म्हणणं नाही. चिठ्ठ्या टाकून मुलं निवडावीत असंही मी म्हणणार नाही, कारण त्या मुलीची हुशारी चिठ्ठीत कुठं दिसणार? आणि परीक्षा काढून नुसत्या शाळेच्या मार्कांवर प्रवेश दिला तर खेड्यातल्या गुरुजींवर कुणाकुणाचा दाब येईल, हे मी ३१ वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो. परीक्षा राहू द्या. पण मुलाचे गुण त्याच्यासारख्याच मुलांच्या गुणांशी ताडून बघा. ८० पैकी काही जागा अशा ठेवा की तिथं सरकारी शाळांचं एकेक क्लस्टर, म्हणजे जवळजवळच्या शाळांचा समूह, हा गट धरला जाईल आणि त्या क्लस्टरमधलं सगळ्यांत वरचं मूल, ठरावीक किमान गुण मिळवलेलं, घेतलं जाईल. जिल्ह्यात क्लस्टर फार, जागा थोड्या. मग आळीपाळीनं घ्या. यंदा कणकुंबीकडचं, पुढच्या वर्षी दुसरीकडचं. आणि असा बदल करणार असाल तर दोन वर्षं आधी जाहीर करा, म्हणजे आज तिसरी-चौथीत तयारी करणाऱ्या कुठल्याच मुलाच्या पायाखालची जमीन सरकणार नाही. हा निर्णय बेळगावात होत नाही, समितीच्या मुख्यालयात होतो, हे मला माहीत आहे. उपायुक्त साहेबांनी तो वर मांडावा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्यासोबत आपली शिफारस जोडावी, एवढं मागणं आहे.

त्याला वेळ लागेल. पण काही कामं अशी आहेत की त्यासाठी दिल्लीकडं बघायची गरज नाही. फॉर्मची मुदत सुरू झाली की त्याची सूचना मराठी शाळांना मराठीत, उर्दू शाळांना उर्दूत पाठवावी. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, दोन्हीकडच्या उपसंचालकांना एका पत्रानं हे सांगता येईल. फॉर्म सायबरमध्ये भरण्याऐवजी सीआरपींनी, म्हणजे क्लस्टरच्या शाळा बघणाऱ्या शिक्षण खात्याच्या माणसांनी, आपल्या लॅपटॉपवर क्लस्टरच्या मोठ्या शाळेत एक दिवस बसून भरून द्यावेत. आणि मुदत संपल्यावर, दुरुस्तीचे दिवस असतात तेव्हा, प्रत्येक शाळेत एक यादी लावावी: मूल, त्याचं क्षेत्र ग्रामीण की शहरी आणि परीक्षेचं माध्यम. शाळा कुठल्या माध्यमाची आहे हे खात्याच्या दप्तरी नोंदलेलं असतंच. मराठी शाळेतल्या मुलापुढं कन्नड किंवा इंग्रजी दिसलं की गटशिक्षण कार्यालयातून एक फोन जावा, हे खरंच असं हवं आहे का म्हणून. पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांवर माझ्या त्या विद्यार्थिनीची सहावी ते बारावीची सात वर्षं होती.

तयारीचंही तसंच. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास, महिन्यातून एकदा ओएमआरवर सराव. कोथळीतून शिकून बाहेर पडलेली मुलं आज नोकऱ्यांत आहेत, त्यांतली कित्येक आपापल्या गावी सुट्टीला येतात. त्यांना हाक दिली तर ती येतील, मला खात्री आहे. आम्ही निवृत्त मास्तर तर रिकामेच आहोत.

आणि आणखी एक मागणं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. दरवर्षी निवड झाली की एक तक्ता प्रसिद्ध करा. मुलांची नावं नकोत. कुठल्या तालुक्यातून किती, सरकारी शाळेतून किती, खासगीतून किती, आणि कुठल्या माध्यमातून किती, एवढंच. माझा अंदाज चुकीचा असेल आणि जंगलपट्ट्यातली मुलं भरपूर जात असतील, तर तो तक्ता मला खोटं पाडेल आणि मला त्याचा आनंदच होईल. पण आज हा वाद सगळे ऐकीव गोष्टींवर घालतात. मीही त्यांतलाच एक, कारण माझ्यापाशी माझ्या शाळा आहेत, जिल्हा नाही. जिल्हा आपल्यापाशी आहे.

मराठी शाळांच्या कारभाऱ्यांनाही दोन शब्द. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत आपण कंपाउंडची भिंत आणि स्वयंपाकखोलीचं छप्पर यांवर तासभर बोलतो. पाचवीच्या मुलांचे फॉर्म कुणी भरले, कसे भरले, हे कधी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. जून-जुलैच्या बैठकीत हा एक विषय घ्या. फॉर्मची प्रिंट मुलाच्या हाती देऊन त्यालाच वाचायला लावा. इंग्रजी ओळ अडली तर ते विचारेल, आणि विचारलं की चूक दिसेल.

ती मुलगी आता आठवीत आहे. गावापासून हायस्कूल लांब आहे. सकाळची गाडी चुकली तर त्या दिवशी तिची शाळा बुडते. गणितात अजूनही वर्गात पहिली येते. मागच्या महिन्यात रस्त्यात भेटली तेव्हा तिनं आपणहून सांगितलं की धाकटा भाऊ येत्या जूनमध्ये पाचवीत जातो आहे, त्याचा फॉर्म भरताना मी सोबत यावं. मी होय म्हटलं आहे.

फॉर्म सुटायच्या आधी आपल्याकडून या पत्राला उत्तर यावं, ही विनंती. सीआरपींच्या बैठकीत हे सगळं समजावून सांगायला बोलावलंत, तर स्वखर्चानं येईन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव